दहा दांड्या आणि खाँसाहेबांचा षड्ज

ज्यांनी कॉलेजात असताना विनॅम्प वापरलंय त्यांना त्या दहा उभ्या दांड्या नक्की आठवत असतील. ६०, १७०, ३१० असे आकडे सुरू व्हायचे आणि १६ हजारांवर संपायचे. डावीकडच्या दोन-तीन वर, मधल्या खाली, उजवीकडच्या परत वर. हॉस्टेलातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर तोच हसरा चेहरा! गाणं लताबाईंचं असो नाहीतर मेटॅलिकाचं, दांड्या तिथेच. विनॅम्प आलं १९९७ मध्ये आणि आमच्या पिढीला 'इक्वलायझर' हा शब्द त्यानेच शिकवला. पण शिकवला तो उलटा.

शब्दाचा अर्थच मुळी 'सारखं करणारा'. शेजाऱ्यांची भांडी हलवणं हा त्याचा धर्म नव्हे. आवाज निघाला तिथून कानापर्यंत येताना वाटेत जे कमी-जास्त झालं, ते पुन्हा बरोबरीला आणायचं हे त्याचं मूळ काम. म्हणजे दांडीला हात लावण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: बिघडलंय काय, आणि कुठे?

हा प्रश्न सगळ्यात आधी टेलिफोनवाल्यांना पडला. तार जितकी लांब तितके त्यातले वरचे, म्हणजे जास्त कंपनांचे स्वर लवकर मरतात. जाड आवाज पोचतो, धार पोचत नाही. तारेच्या दुसऱ्या टोकाला एक असं सर्किट लावायचं की जे तारेने खाल्लेलं असेल तेवढंच परत वाढवेल. झाला इक्वलायझर! १९२० च्या दशकात अमेरिकेत रेडिओ स्टेशनं एकमेकांना कार्यक्रम टेलिफोनच्या तारांवरूनच पाठवू लागली, तेव्हा तर याच्याशिवाय गत्यंतरच उरलं नाही. साध्या बोलण्यासाठी मात्र टेलिफोन कंपन्यांनी पुढे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुरेसा मानला. म्हणून तर फोनवर आडनाव सांगताना 'साने की फाटे' असला घोळ होतो. 'स' आणि 'फ' यांच्यातला फरक बराचसा त्या पट्ट्याच्या वर राहतो.

आता गंमत बघा. याच टेलिफोनवाल्यांच्या प्रयोगशाळांमधून त्या दहा-बारा वर्षांत आणखी तीन गोष्टी बाहेर पडल्या. १९२२ मध्ये ऑडिओमीटर, म्हणजे माणसाचा कान मोजायचं यंत्र. १९२५ मध्ये विजेवर चालणारं रेकॉर्डिंग. आणि १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या जोडगोळीने काढलेले ते प्रसिद्ध वक्र, जे सांगतात की आवाज बारीक केला की आपल्या कानाला खर्ज सगळ्यात आधी ऐकू येईनासा होतो. ऑडिओमीटरच्या कामातही हार्वे फ्लेचर होतेच. तार, तबकडी आणि कान, तिघांच्या दुरुस्तीची हत्यारं एकाच घरात घडली हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

(फ्लेचर-मन्सनचा पुरावा हवा असेल तर हडपसरला या. संध्याकाळी सात वाजता सोलापूर रस्त्याकडची खिडकी उघडून गाणं लावा. गाडीतळाकडे सरकणाऱ्या बस आणि ट्रकांची घरघर सगळी खालच्या पट्टीत, ती गाण्याचा खर्ज गिळते. रात्री अकरा वाजता शेजारी झोपले म्हणून आवाज कमी करा, खर्ज परत गायब. स्पीकर दोन्ही वेळा ठणठणीत असतो. खिडकी लावून घेणे हासुद्धा एक इक्वलायझरच आहे, आणि फुकट आहे.)

असो. तर तबकडी. आपल्याकडे फ्रेड गैसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्याला आला आणि गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित करून गेला, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. तबकड्या छापून यायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. कलकत्त्यात सियालदहला कारखाना झाला तो १९०८ मध्ये. त्या काळात मायक्रोफोन नव्हताच. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, कर्ण्याच्या टोकाला पडदा, पडद्याला सुई, सुईखाली मेण. गायकाच्या फुफ्फुसातली ताकद हीच काय ती वीज. हा कर्णा साधारण २५० ते २,५०० हर्ट्झ एवढंच पकडायचा. खालचं गेलं, वरचं गेलं, आणि मधल्या भागात कर्ण्याचा स्वतःचा ठणठणाट मिसळला.

आता इथे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ येतात. जन्म १८७२, कैराना. हयात गेली मिरज, पुणे, बेळगाव या पट्ट्यात. पुण्यात त्यांचं आर्य संगीत विद्यालय होतं, त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर पुण्याचीच झाली, आणि त्यांच्या शिष्याच्या, सवाई गंधर्वांच्या नावाचा महोत्सव पुणेकर १९५३ पासून ऐकताहेत. माझ्यासारख्या माणसाला त्यांच्याबद्दल विशेष आस्था आहे ती आणखी एका कारणाने. ते दोन्ही बाजूंना सापडतात. त्यांच्या काही तबकड्या १९०४-०५ च्या, म्हणजे कर्ण्यातल्या. आणि दुसरा गठ्ठा १९३० च्या दशकात ओडियन कंपनीने केलेला, म्हणजे विजेवरचा, मायक्रोफोनसमोरचा. १९३७ मध्ये ते गेले. एकच गळा, मध्ये तीस वर्षं, आणि दोन वेगवेगळी यंत्रं. इंजिनिअर माणसाला याहून चांगली टेस्ट केस कुठे मिळणार?

दोन्ही लागोपाठ ऐका. जुन्या तबकडीवर खाँसाहेब शेजारच्या इमारतीतल्या बंद खोलीत गाताहेत असं वाटतं. विजेवरच्या तबकडीवर ते खोलीत आलेले असतात. तो बारीक, टोकदार, तारेसारखा स्वर खऱ्या अर्थाने इथे ऐकू येतो, कारण नवं यंत्र साधारण ५ हजार हर्ट्झपर्यंत पकडू लागलं होतं. साहजिकच मनात येतं की जुन्या तबकडीच्या दांड्या थोड्या वर केल्या तर तीही तशी ऐकू येईल.

नाही येत. का नाही, ते एका षड्जावरून सांगतो. उदाहरणादाखल काळी एकचा षड्ज घेऊ, सुमारे १३९ हर्ट्झ. कर्णा २५० च्या खालचं काही घेत नाही. म्हणजे काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मूळ षड्ज त्या तबकडीवर जवळजवळ नाहीच! आहे ते त्याच्या दुप्पट, म्हणजे २७७, त्याच्या तिप्पट, ४१६, असे वरचे स्वयंभू स्वर. पण कान काही मूर्ख नाही. या सगळ्यांमधलं अंतर १३९ आहे हे तो ओळखतो आणि नसलेला षड्ज आतल्या आत उभा करतो. आपण ऐकतो तो षड्ज तबकडीवर नसून आपल्या डोक्यात असतो. १०० किंवा १५० ची दांडी वर केली तर तिथे वाढवायला फक्त तबकडीच्या मोटारीची घरघर आणि विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आहे. इक्वलायझर असलेलं वाढवतो, नसलेलं आणत नाही. म्हणून कर्ण्यातल्या तबकडीसाठी पहिली कृती 'वाढवणे' नसून 'कापणे' आहे. २०० च्या खालचं सगळं छाटायचं, ४ हजारांच्या वरची खरखर उतरवायची. मग मधला ठणठणाट शोधायचा.

त्यासाठी विनॅम्पच्या दहा दांड्या कुचकामाच्या, कारण कर्ण्याचा ठणका नेमका ६०० किंवा १,००० वर येत नाही, तो ७४० वर येतो नाहीतर १,३८० वर. इथे जॉर्ज मॅसेनबर्गची आठवण काढायला हवी. त्याने १९७२ मध्ये 'पॅरामेट्रिक इक्वलायझेशन' या नावाचा निबंध मांडला. दांडी एका जागी खिळलेली नको, ती कुठे हवी, किती उंच हवी आणि किती रुंद हवी हे तिन्ही आपल्या हातात असावं. युक्ती साधी आहे. एक अरुंद दांडी मुद्दाम दहा डेसिबेल वर करायची आणि हळूहळू सरकवत न्यायची. जिथे आवाज पत्र्याच्या डब्यासारखा वाजेल तिथे थांबायचं आणि तीच दांडी शून्याखाली न्यायची. कानाला थोडा त्रास होतो, पण खाँसाहेबांचं तोंड डब्यातून बाहेर येतं.

एक सापळा मात्र राहिला. आज इंटरनेटवर जुन्या तबकड्या ढिगाने सापडतात. त्यातल्या पुष्कळ एलपीच्या घरगुती प्लेअरवरून कॉम्प्युटरमध्ये घेतलेल्या असतात. एलपी कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि वरचे स्वर मुद्दाम जास्त करून कापतात, नाहीतर खाचा एकमेकींत घुसतील आणि खरखर वर येईल. वाजवताना प्लेअर त्याचं बरोबर उलटं करतो. ही उलटापालट सगळ्यांनी एकाच मापाने करावी असं १९५४ मध्ये अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने, आरआयएएने, ठरवलं. १,००० हर्ट्झला शून्य धरलं तर प्लेअर १०० हर्ट्झला सुमारे १३ डेसिबेल वाढवतो, ५ हजारांना ८ आणि १० हजारांना जवळजवळ १४ डेसिबेल कमी करतो. पण १९०५ ची तबकडी कापताना असलं काही केलेलंच नव्हतं! आणि १९३० च्या दशकातल्या तबकड्यांवर खर्ज उतरवलेला असे, पण ज्या त्या कंपनीच्या मापाने. दोघी या प्लेअरवर ठेवल्या की औषध भलत्याच रोगाला दिल्यासारखं होतं. खाली गदगद, वर मुकं. एखादी जुनी तबकडी 'रजईखालून' ऐकू येत असेल तर दोष बहुधा १९०५ चा नसतो, परवा ज्याने ती कॉम्प्युटरमध्ये घेतली त्याच्या प्लेअरचा असतो. आणि हा दोष पूर्ण दुरुस्त होतो, कारण इथे काही हरवलेलं नाही, फक्त ज्ञात मापाने दाबलेलं आहे. त्या मापाचा उलटा वक्र लावा, झालं.

आता हे सगळं लावायचं कुठे? विनॅम्पचा इक्वलायझर फक्त विनॅम्पपुरता. गाणं ब्राउझरमध्ये वाजत असेल तर त्याला त्याची गंधवार्ता नाही. अख्ख्या कॉम्प्युटरचा आवाज एका जागी पकडायचा तर विंडोज एक्सपीच्या जमान्यात मिक्सर थेट कर्नलमध्ये बसलेला, तिथे बाहेरच्याला सहज शिरकाव नाही. मग खोटं साउंडकार्ड उभं करा, सगळा आवाज तिकडे वळवा, तिथून खऱ्याकडे आणा, असले द्राविडी प्राणायाम. २००७ च्या जानेवारीत व्हिस्टा बाजारात आलं. व्हिस्टाला लोकांनी शिव्याच घातल्या, पण त्यात आवाजाची सगळी व्यवस्था नव्याने लिहिली होती. कर्नलबाहेर एक वेगळा प्रोसेस, आणि त्यात 'ऑडिओ प्रोसेसिंग ऑब्जेक्ट' नावाचे छोटे ठोकळे अडकवायची सोय. ही सोय खरं तर साउंडकार्ड बनवणाऱ्या कंपन्यांसाठी होती. पुढे योनास टेडरिंग याने तिचा फायदा घेऊन 'इक्वलायझर एपीओ' लिहिलं, मोफत आणि खुल्या सोर्सचं. आज विंडोजवर मी तेच वापरतो. (लिनक्सवाल्यांसाठी ईझीइफेक्ट्स आहे. त्यांना बाकी काही सांगायची गरज नसते, ते आपल्याला सांगतात.)

आत काय आहे म्हणाल तर प्रत्येक दांडीमागे एक छोटं सूत्र, पाच गुणकांचं. आत्ताचा नमुना, मागचे दोन, आणि आधी बाहेर गेलेले दोन, यांना पाच आकड्यांनी गुणून बेरीज. सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा. एवढंच! हे पाच आकडे कसे काढायचे ते रॉबर्ट ब्रिस्टो-जॉन्सनने १९९० च्या दशकात एका टिपणात लिहून वाटलं, आणि आजही कित्येक इक्वलायझर त्या दोन-चार पानांवर उभे आहेत.

बसवणं सोपं आहे. सेटअप चालवा, कुठल्या स्पीकरला लावायचं त्यावर खूण करा, मशीन रीस्टार्ट करा. मग एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ओळी लिहायच्या, सेव्ह केलं की लगेच लागू. ज्यांना दांड्याच हव्यात त्यांच्यासाठी 'पीस' नावाचा वेगळा मुखवटा मिळतो. एक नियम पाळा. सगळ्यात उंच दांडी जितकी वर, निदान तितकंच 'प्रीअँप' खाली. ६ डेसिबेल म्हणजे जवळपास दुप्पट उंची. गाणं आधीच काठोकाठ भरलेलं असेल तर ते वर आपटतं आणि फाटतं, आणि मग आपण म्हणतो सॉफ्टवेअर भिकार आहे.

खरी कसोटी नंतर असते. एक दिवस दांड्या जागच्या जागी दिसतात, पण आवाजात फरक शून्य. अशा वेळी दांड्यांशी खेळत बसू नका. प्रीअँप उणे ३० करा. आवाज पडला तर एपीओ जोडलेलं आहे, दोष तुमच्या वक्रात आहे. नाही पडला तर ते जोडलेलंच नाही, आणि मग कारणं मोजकी. स्पीकर बदललाय: मॉनिटरची केबल लावली की विंडोज गुपचूप मॉनिटरच्या स्पीकरकडे वळतं. किंवा सेटिंगमध्ये 'एन्हान्समेंट्स' बंद केली आहेत, त्याबरोबर हा ठोकळाही बंद. किंवा प्लेअर 'एक्स्क्लुझिव्ह' पद्धतीने थेट कार्डाशी बोलतोय, मधल्या कोणाला विचारत नाही. किंवा ब्लूटूथ हेडफोन आहे आणि एखादी मीटिंग चालू झाली. माइक उघडला की जुने हेडफोन संभाषणाच्या पद्धतीवर उतरतात, सेकंदाला फक्त ८ हजार नमुने, म्हणजे जेमतेम ४ हजार हर्ट्झच्या आत. थोडक्यात काय, मगरपट्ट्यातल्या काचेच्या इमारतीत बसून तुम्ही पुन्हा टेलिफोनच्या जुन्या पट्ट्यात.

आणि सगळ्यात चोरटं कारण म्हणजे ड्रायव्हरचं अपडेट. ड्रायव्हर नव्याने बसतो तेव्हा आपले ठोकळे नोंदवतो आणि एपीओची नोंद पुसून टाकतो. कुठलीही सूचना नाही, लाल अक्षरं नाहीत. परत उपकरण निवडायची खिडकी उघडायची, खूण करायची, रीस्टार्ट. दोन मिनिटांचं काम.

ही दोन मिनिटं आमच्या घरात फार महागात पडली, म्हणून एवढं लिहितोय. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं तेव्हा ते आठ वर्षांचे, वाड्यातल्या एकुलत्या एका रेडिओसमोर बसणारे. रामनवमीला, १ एप्रिलला पहिलं गीत, मग दर आठवड्याला एक, अशी छप्पन्न. गदिमा आणि बाबूजींचं ते लेणं त्यांनी ऐकलं ते मिडियम वेव्हवर, म्हणजे पुन्हा साधारण ४-५ हजार हर्ट्झच्या आत, लाकडी पेटीच्या घुमाऱ्यासकट. आता त्यांच्या कानांचा ऑडिओग्राम बघितला तर डावीकडून, म्हणजे खालच्या स्वरांपासून, १,००० हर्ट्झपर्यंत ठीक, मग घसरगुंडी, आणि ४ हजारांशी ६० डेसिबेलचा खड्डा. तो कागद मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ओळखीचा वाटला. लांब तारेचा आलेख अगदी असाच असतो. दोन वर्षांपूर्वी त्यांनी गाणं ऐकणंच सोडलं होतं. 'शब्द कळत नाहीत, नुसता गलका' म्हणायचे.

श्रवणयंत्र बोलण्यासाठी आहेच, आणि इक्वलायझर त्याची जागा घेऊ शकत नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. पण ते काढून मोठ्या हेडफोनवर ऐकायचं तर कॉम्प्युटरने भरपाई करायला हवी. जितकं नुकसान त्याच्या साधारण निम्मं वाढवा, हा ठोकताळा श्रवणयंत्रवाल्यांकडे १९४० च्या दशकापासून आहे. त्याहूनही कमीपासून सुरुवात केली. प्रीअँप चांगलं खाली, एकूण आवाज बेताचा, त्यांच्या ऑडिओलॉजिस्टला विचारून. पहिल्याच दिवशी बाबूजींच्या आवाजातलं एक कडवं संपल्यावर म्हणाले, 'शब्द आले.' बस्स, दोन शब्द.

मग केव्हातरी एक अपडेट झालं. तीन आठवडे ते काही बोलले नाहीत. हेडफोन लावायचे, पाच मिनिटांनी काढून ठेवायचे. आईने विचारलं तर म्हणाले, 'आता कान अजून गेले.' सॉफ्टवेअर बंद पडलं असेल ही शंका त्यांना येण्याचं कारणच नव्हतं, दांड्या तर स्क्रीनवर जागच्या जागी होत्या. म्हाताऱ्या माणसाला यंत्राआधी स्वतःवर संशय येतो.

तेव्हापासून एक छोटी फाइल करून ठेवली आहे. ५०० हर्ट्झचा एक सूर आणि मग तेवढ्याच उंचीचा ४ हजारांचा. एपीओ चालू असेल तर बाबांना दोन्ही साधारण सारखे ऐकू येतात, बंद असेल तर दुसरा येतच नाही. डेस्कटॉपवर तिचं नाव 'आधी हे' असं आहे. ते रोज दुपारी आधी ती वाजवतात, मग गाणं.

खाँसाहेबांच्या दोन्ही तबकड्याही त्यांना ऐकवल्या, एकदा एपीओ चालू ठेवून, एकदा बंद करून. बंद असताना १९०५ आणि १९३५ मध्ये त्यांना विशेष फरक वाटला नाही. कसा वाटणार? कर्ण्याने जे सोडलं, जवळपास तिथूनच त्यांचा कान सुटतो. चालू केल्यावर त्यांनी विजेवरची तबकडी दोनदा ऐकली, मान हलवली, आणि मग जुनीच परत लाव म्हणाले. हिच्यात तंबोरा कुठे आहे ते शोधायचंय म्हणे. अजून सापडलेला नाही.